निकाल आधीच ठरलेला असताना

१९८९च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे एक विधेयक आलं. टीव्हीवरच्या कुस्तीवर राज्याच्या क्रीडा मंडळाची देखरेख असावी की नसावी, असा प्रश्न होता. हल्क होगनसारख्या ताऱ्यांना पदरी बाळगणाऱ्या ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’ या कंपनीने त्या निमित्ताने सरळ सांगून टाकलं की आमच्याकडे चालतो तो खेळच नव्हे, ते मनोरंजन आहे. पिढ्यानपिढ्या जिवापाड जपलेलं गुपित कंपनीने स्वतःच्या तोंडाने फोडलं, ते काही सत्याची चाड म्हणून नव्हे. खेळ म्हटला की परवाने आले, कर आला आणि सामन्याआधी डॉक्टरने कुस्तीगिराला तपासणंही आलं. मनोरंजन म्हटलं की हे सगळं टळतं. सिनेटने देखरेख उठवणारं ते विधेयक प्रचंड बहुमताने मंजूर केलं.

वर्तमानपत्रांनी बातमी चवीने छापली. प्रेक्षकांना धक्का वगैरे बसला नाही, बहुतेकांना ते ठाऊकच होतं. त्या चर्चेत एक बाब मात्र कुणाच्या फारशी ध्यानात आली नाही. निकाल खोटा असला तरी पाठीवर आपटणारा माणूस पूर्वीइतक्याच जोराने आपटत होता, आणि आता त्याची नाडी बघायलाही कुणी नको होतं.

डॅरेन अ‍ॅरोनोफ्स्कीचा ‘द रेसलर’ (२००८) बरोबर इथून सुरू होतो, असं मला वाटतं, जरी चित्रपटात या विधेयकाचा उल्लेख नाही. नायक याच न्यू जर्सीत राहतो. रँडी ‘द रॅम’ रॉबिन्सन हे त्याचं रिंगमधलं नाव. ऐंशीच्या दशकात तो मोठा तारा होता. पोस्टर, बाहुल्या, व्हिडिओ गेम, सगळं त्याच्या नावाने निघालं होतं. हे वैभव आपल्याला श्रेयनामावलीत, जुन्या मासिकांच्या कात्रणांतून दिसतं. नंतर पडद्यावर अक्षरं येतात की वीस वर्षं लोटली आहेत, आणि एका शाळेच्या खोलीत, लहान मुलांच्या खेळण्यांच्या गराड्यात, पाठमोरा बसून खोकणारा एक धिप्पाड माणूस दिसतो.

उतारवयातल्या खेळाडूवरच्या चित्रपटांचा साचा आपल्या ओळखीचा आहे. विसरला गेलेला वीर, एक शेवटची संधी, कसून सराव आणि मग तो निर्णायक सामना. जिंकला तर टाळ्या, हरला तरी मान राखून हरला म्हणून टाळ्या. ‘रॉकी बाल्बोआ’मध्ये (२००६) साठीला टेकलेला सिल्व्हेस्टर स्टॅलोन हेच करतो. पंचांचा कौल विरुद्ध जातो, पण प्रेक्षागृह त्याचंच. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. जॉर्ज फोरमनने १९९४मध्ये ४५व्या वर्षी मायकेल मूररला पाडून हेवीवेट विजेतेपद परत मिळवलं होतंच. पण हे सगळे चित्रपट ‘जिंकेल का?’ या एका प्रश्नाच्या जोरावर पुढे सरकतात, आणि तो प्रश्न इतका जोरकस असतो की बाकीचे प्रश्न त्याच्या गलक्यात ऐकूच येत नाहीत.

‘द रेसलर’मध्ये तो प्रश्न विचारण्याची सोयच नाही. निकाल कपडे बदलायच्या खोलीतच ठरलेला असतो. मग उरतं काय? उरतं ते काम. किती वाजता यायचं, किती पैसे मिळणार, आज अंगाला काय काय सोसावं लागणार आणि उद्या सकाळी उठता येईल का. अ‍ॅरोनोफ्स्की आणि पटकथाकार रॉबर्ट सीगल यांनी खेळपटातून खेळाचा निकाल काढून घेतला, आणि म्हणूनच त्यांना खेळाडूच्या म्हातारपणाबद्दल एवढं खरं बोलता आलं.

मराठी वाचकाला या जगाची ओळख करून द्यायला नको. नुरा कुस्ती म्हणजे काय हे आपल्याकडे ज्याने लाल मातीचा एखादा फड पाहिला आहे त्याला समजतं. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल दंगली पाहायला मुंबईकरांनी एकेकाळी गर्दी केली. नव्वदच्या दशकात केबल घराघरांत शिरली तेव्हा शाळेच्या दप्तरांत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते आले. उंची, वजन आणि मानांकन यांवर मधल्या सुट्टीत डाव रंगायचे. ‘ते खोटं असतं रे’ असं मोठी माणसं म्हणायची. मुलं एवढं ऐकून घ्यायची आणि पुढचा पत्ता टाकायची.

या खोट्या-खऱ्याच्या सीमेवर एक म्हातारा पैलवान पडद्यावर फार पूर्वी उभा राहिला होता, आणि त्याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. स्टॅनिस्लॉस झबिश्को हे नाव जुन्या कुस्तीशौकिनांना ठाऊक असेल. १९१०मध्ये लंडनला गामा पैलवानाशी झुंजलेला पोलंडचा मल्ल तो हाच. त्या लढतीत झबिश्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी पालथा पडून राहिला आणि गामाला त्याला चीत करता आलं नाही. फेरलढतीला तो फिरकलाच नाही, म्हणून ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने त्याला एक मिनिटही टिकू दिलं नाही. या दोन लढतींच्या मध्ये अमेरिकेत त्याने आणखी एक पराक्रम केला होता. १९२५मध्ये फिलाडेल्फियात त्याने ठरल्याप्रमाणे वेन मन नावाच्या विजेत्याकडून हरायचं होतं. मन हा फुटबॉलमधून आणलेला देखणा गडी, कुस्ती त्याला जेमतेम येत होती. झबिश्कोने ऐन आखाड्यात शब्द फिरवला आणि त्याला खरोखरच पाडलं. आयोजकांची पाचावर धारण बसली.

हाच झबिश्को सत्तरीच्या घरात असताना ज्यूल्स डसँच्या ‘नाइट अँड द सिटी’त (१९५०) दिसतो. भूमिका ग्रेगोरियस नावाच्या वृद्ध ग्रीक मल्लाची. त्याचा मुलगा लंडनमधल्या दिखाऊ कुस्तीचा धंदा चालवतो आणि बापाला त्या तमाशाची घृणा आहे. शेवटी म्हातारा त्याच धंद्यातल्या एका आडदांड गड्याशी चिडून खरी कुस्ती करतो, जिंकतो आणि थोड्या वेळात मुलाच्या समोर प्राण सोडतो. ती कुस्ती मी पाहिलेल्या कुठल्याही पडद्यावरच्या कुस्तीपेक्षा कष्टप्रद आहे. दोन जड देह एकमेकांना नुसते दाबत राहतात. इथे अभिनय किती आणि आठवण किती, हे सांगणं अवघड आहे. झबिश्को आयुष्यात दोन्ही बाजूंना राहून आला होता.

बारा वर्षांनी आलेल्या ‘रिक्विम फॉर अ हेवीवेट’मध्ये (१९६२) अँथनी क्विनचा मुष्टियोद्धा माउंटन रिवेरा सुरुवातीच्याच दृश्यात मार खातो, तोही तरुण कॅशियस क्लेकडून, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीकडून. आणखी एखादा ठोसा बसला तर डोळा जाईल, असं डॉक्टर सांगतात. मग मॅनेजरचं कर्ज फेडायला तो काय करतो? डोक्यावर पिसांचा टोप चढवून नुरा कुस्तीच्या रिंगमध्ये उतरतो. त्या चित्रपटाच्या दृष्टीने माणसाचं याहून मोठं अधःपतन नाही. मुष्टियुद्धाची प्रतिष्ठा आणि नुरा कुस्तीची अप्रतिष्ठा ही उतरंड हॉलिवूडमध्ये पक्की बसली होती. मुष्टियोद्ध्यांवर डझनावारी चित्रपट निघाले, पण या कुस्तीगिरांवर गंभीरपणे कुणी फारसं काही केलं नाही. अ‍ॅरोनोफ्स्कीने ही मोकळी जागा हेरली.

त्याने आधी हे पाहिलं की पडणं हे कौशल्य आहे. कुस्तीच्या रिंगचा तळ म्हणजे पोलादी सांगाड्यावर बसवलेल्या फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि त्यावर ताणलेलं कापड. पडताना हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ एकदम सपाट टेकवायची आणि तळहात जोरात मारायचे. आघात एका ठिकाणी न बसता अंगभर विभागला जातो आणि आवाज मात्र मोठा येतो. एका वेळेला हे ठीक आहे. आठवड्यातून अनेकदा, वर्षानुवर्षं असं पडलेल्या माणसाचे मणके आणि गुडघे कुठल्याही नाटकात भाग घेत नाहीत. रँडीच्या कानात श्रवणयंत्र आहे, वाचायला चष्मा लागतो, कोपरांना आणि गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळल्याशिवाय तो घराबाहेर कामाला पडत नाही. केस सोनेरी करून घेणं आणि यंत्राखाली झोपून कातडी तांबूस करणं हा सगळा तयारीचाच भाग. त्यातच खोलीतल्या एका सहकाऱ्याकडून स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्यांची खरेदी होते, आणि ती दुधाच्या रतिबासारखी इतक्या सहजपणे होते की अंगावर काटा येतो. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड स्नायू फुगवतात, पण हृदयाच्या भिंतीही जाड करतात आणि रक्तातलं चांगलं कोलेस्टेरॉल खाली आणतात. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला रँडीच्या आधी कळतं.

मला सर्वांत आवडतात ती सामन्याआधीची दृश्यं. एकमेकांना रक्तबंबाळ करणार असलेले गडी कोपऱ्यात बसून हळू आवाजात बेत ठरवत असतात. आधी तू मला दोरांवर फेक, मग मी हे करतो, पाय दुखतोय का, मग तिथे नको मारायला. यातले बहुतेक जण खरेच स्थानिक रेसलर आहेत आणि प्रेक्षकही खऱ्या सामन्यांना जमलेले आहेत. रँडीला ते आदराने वागवतात, सामन्यानंतर मिठी मारतात. एका लढतीआधी तो मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा तुकडा दडवतो आणि खाली पडल्यावर हळूच स्वतःचं कपाळ चिरतो. कपाळाची कातडी पातळ असते, तिथून रक्त भळाभळा येतं, घामात मिसळून चेहराभर पसरतं, आणि जखम त्या मानाने बरी लवकर होते. हे तंत्र धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. रिंगमध्ये एकमेकांचा शत्रू असलेल्या माणसाच्या हातात तुमचा जीव असतो, म्हणून तिथे जिव्हाळा लागतोच.

पुढचा सामना मात्र काटेरी तारा, काचा आणि स्टेपल-गनचा आहे. समोर नेक्रो बुचर, हाही खराच रेसलर. स्टेपल-गनबद्दल तो आधी रँडीला विचारून घेतो, चालेल ना म्हणून. दिग्दर्शक आपल्याला आधी लढतीनंतरचा रँडी दाखवतो. अंगातले स्टेपल एक एक करून काढले जात आहेत. मग थोडा वेळ मागे जाऊन एकेक जखम कशी झाली ते दाखवतो. निकालाची उत्सुकता इथेही त्याला नकोच आहे. कपडे बदलायच्या खोलीत पोचेपर्यंत रँडी ओकतो आणि कोसळतो. हृदयविकाराचा झटका, मग बायपास. डॉक्टर कुस्ती बंद करायला सांगतात.

आता तो सुपरमार्केटमध्ये पूर्ण वेळ काम मागतो. सॅलड आणि मांसाचे काप विकायच्या काउंटरवर त्याला उभं करतात. डोक्याला जाळी आणि छातीवर नावाची पट्टी, त्यावर रँडी नव्हे तर कागदोपत्री असलेलं नाव रॉबिन. कामाच्या पहिल्या दिवशी तो तळघरातून, बोळाबोळातून काउंटरकडे निघतो. कॅमेरा त्याच्या पाठीमागे, तसाच जसा रिंगकडे जाताना होता. कानावर लोकांचा जल्लोष येऊ लागतो, वाढत जातो, आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा बाजूला सारताच एकदम थांबतो. समोर बटाट्याचं सॅलड. कॅमेरा मारिझ अल्बर्टीचा आहे. माहितीपटांत मुरलेल्या या छायालेखिकेने सुपर १६ मिलिमीटर फिल्मवर, खांद्यावर कॅमेरा घेऊन हे चित्रित केलं. काउंटरवरची काही गिऱ्हाइकंही खरी होती, त्यांना रँडी साकारणाऱ्या मिकी रूर्कने खरंच सॅलड तोलून दिलं. गंमत अशी की थोडा वेळ तो या कामातही रमतो. गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी करतो, डबा फुटबॉलसारखा फेकतो. त्याला प्रेक्षक लागतात, मग ते दोन असोत की दोन हजार.

एका सभागृहातलं दृश्य मात्र थट्टेला जागा ठेवत नाही. जुने रेसलर टेबलं मांडून बसले आहेत, सही आणि फोटोचे पैसे घेतात. गर्दी तुरळक. रँडी इकडेतिकडे बघतो. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणाच्या पायाशी लघवीची पिशवी, कुणी बसल्या जागी पेंगलेला. आपल्याकडच्या आखाड्याशी तुलना करण्याचा मोह इथे होतो आणि तो मी आवरणार नाही. तालमीत उतारवयाला एक जागा आहे, वस्तादाची. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर कुस्ती सोडल्यावर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पोरं घडवत राहिले. वस्तादाचं पोट त्यावर नीट भरतं असं मी म्हणत नाही, मानधनासाठी खेटे घालणारे जुने मल्ल आपल्याकडेही आहेत. पण सकाळी कुणीतरी पायाला हात लावायला येतं. रँडीच्या जगात शिकवायला काही उरत नाही. फक्त विकायला उरतं, तेही पूर्वीचं.

विकण्याचं हे सूत्र मरिसा टोमेच्या पात्रात आणखी पुढे जातं. ती क्लबमध्ये नाचते, तिचंही एक मंचावरचं नाव आहे आणि एक घरचं, तिचाही बाजार वयाने उतरत चालला आहे. तरुण गिऱ्हाइकं तिची टर उडवतात. फरक एवढाच की कामाचं नाव आणि घरचं नाव यांतली रेघ तिला कळते आणि त्याला कळत नाही. तिला घरी वाढवायला एक मुलगा आहे. टोमेने हे इतक्या संयमाने केलं आहे की तिचे प्रसंग कधी संपूच नयेत असं वाटतं. रँडीच्या मुलीबरोबरच्या कथानकाबद्दल मला असं म्हणता येत नाही. वर्षानुवर्षं न भेटलेला बाप, समुद्रकाठी माफी, ओसाड सभागृहात नाच आणि मग विसरलेलं रात्रीचं जेवण, हे सगळं फार लवकर जुळतं आणि फार लवकर मोडतं. बॅरी ब्लाउस्टीनच्या ‘बियाँड द मॅट’ या १९९९च्या माहितीपटात जेक रॉबर्ट्स हा खरा रेसलर दुरावलेल्या मुलीला भेटतो. तिथे दोघांनाही काय बोलावं सुचत नाही. तो अवघडलेपणा ‘द रेसलर’ला साधलेला नाही.

शेवटी रँडी वीस वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या लढतीची पुनरावृत्ती स्वीकारतो. प्रतिस्पर्धी ‘अयातोल्ला’, इराणचा झेंडा फडकवणारा खलनायक. प्रत्यक्षात तो बॉब नावाचा गाड्या विकणारा साधा माणूस. (इराणमध्ये हे काहींना रुचलं नाही. २००९मध्ये हॉलिवूडचं एक शिष्टमंडळ तेहरानला गेलं तेव्हा तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या एका सल्लागाराने ‘३००’च्या जोडीने याही चित्रपटाबद्दल हॉलिवूडने माफी मागावी अशी मागणी केली. कुस्ती ज्यांचा राष्ट्रीय अभिमान आहे त्यांना तिचं हे रूप झोंबणं स्वाभाविक होतं.) लढतीत रँडीची छाती दुखू लागते. ते आधी कुणाच्या लक्षात येतं? बॉबच्या. तो हळूच सांगत राहतो, मला आता चीत कर, संपवून टाकू. या साऱ्या गोंगाटात रँडीच्या जिवाची काळजी असलेला एकमेव माणूस म्हणजे लोक ज्याला शिव्या घालताहेत तो खलनायक. रँडी ऐकत नाही, दोरांवर चढतो आणि उडी घेतो. तो जगला की मेला हे दिग्दर्शक सांगत नाही. जिंकला हे तर आपल्याला आधीच माहीत असतं.

मिकी रूर्कबद्दल बोललं नाही तर प्रकरण अपुरं राहील. ऐंशीच्या दशकात ‘डायनर’, ‘एंजल हार्ट’, ‘बारफ्लाय’ यांनी तो देखणा आणि धोकादायक नट म्हणून गाजला होता. १९९१मध्ये अभिनय बाजूला ठेवून तो व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरला. आठ लढतींत एकही हरला नाही, पण नाक आणि गाल मोडले, शस्त्रक्रिया झाल्या आणि चेहरा पूर्वीचा राहिला नाही. हॉलिवूडने पाठ फिरवली. मोठ्या नावाच्या नटाला घेतलं असतं तर पैसे सहज मिळाले असते, पण अ‍ॅरोनोफ्स्की रूर्कवर अडून बसला आणि चित्रपट सुमारे ६० लाख डॉलरमध्ये उरकावा लागला. मेकअपने म्हातारा केलेला नट आणि आयुष्याने केलेला नट यांतला फरक कॅमेऱ्याला दिसतो. व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला सुवर्ण सिंह मिळाला, रूर्कला गोल्डन ग्लोब आणि बाफ्टा. ऑस्कर त्या वर्षी ‘मिल्क’साठी शॉन पेनकडे गेलं.

खऱ्या रेसलरांची गत काय होती? त्या ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’ कंपनीच्या लेखी ते कर्मचारी नव्हते, स्वतंत्र कंत्राटदार होते. म्हणजे कंपनीचा आरोग्यविमा नाही, निवृत्तिवेतन नाही. जेसी व्हेंचुरा, जो पुढे मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, त्याने १९८६मध्ये कपडे बदलायच्या खोलीत संघटनेचा विषय काढला. तो तिथेच बारगळला. २००५मध्ये एडी गरेरो हा रेसलर ३८व्या वर्षी हृदय निकामी होऊन गेला तेव्हा कुठे कंपनीने पुढच्या वर्षी उत्तेजकांच्या चाचण्या आणि हृदयतपासणीचा कार्यक्रम सुरू केला. रॉडी पायपर हा ऐंशीच्या दशकातला सर्वांत लाडका खलनायक. २००३च्या एका टीव्ही मुलाखतीत तो म्हणाला होता की निवृत्तीचे पैसे ६५व्या वर्षी हाती येतात आणि तोवर मी काही जगत नाही. २०१५मध्ये तो गेला तेव्हा ६१ वर्षांचा होता.

आणि चित्रपटाचं कंपनीने काय केलं? त्याचंही कथानक करून टाकलं. ५ एप्रिल २००९ला ह्यूस्टनमध्ये ‘रेसलमेनिया’ या वार्षिक सोहळ्यात ख्रिस जेरिको नावाच्या रेसलरने तीन जुन्या दिग्गजांना आव्हान दिलं. जिमी स्नूका ६५ वर्षांचा, रिकी स्टीमबोट ५६चा, पायपर ५४चा. ठरल्याप्रमाणे जेरिको जिंकला. मग त्याने प्रेक्षकांत बसलेल्या मिकी रूर्कला डिवचलं, रूर्क रिंगमध्ये चढला आणि ठरल्याप्रमाणेच त्याने एका ठोशात जेरिकोला आडवा केला. पण त्या रात्री खरी दाद मिळवली ती स्टीमबोटने. पंधराएक वर्षं रिंगबाहेर असलेला हा माणूस दोरांवरून अशा उड्या घेत होता की लोक त्याच्या नावाने ओरडायला लागले. कंपनीने ते ऐकलं आणि त्याच महिन्यात त्याला आणखी सामने दिले.